तक्रारींच्या गठ्ठ्यात काय दडलेलं असतं: रुग्णालयातल्या तक्रारी वाचण्याची शास्त्रीय रीत

कोणत्याही मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात किंवा नागरी कार्यालयात लेखी तक्रारीचा प्रवास साधारण ठरलेला असतो. आवक नोंदवहीत क्रमांक पडतो, अर्ज संबंधित विभागाकडे जातो, तिथून खुलासा येतो, तो अर्जदाराला कळवला जातो आणि प्रकरण 'निकाली' निघतं. कागद कपाटात जातो. त्या कागदावर एका माणसाने दाखल होण्यापासून घरी जाईपर्यंत काय काय पाहिलं, याची तपशीलवार नोंद असते. रुग्णालयातला सगळा प्रवास सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहणारे दोघेच: रुग्ण आणि त्याच्याजवळ बसलेला नातेवाईक. डॉक्टर राउंडला येतात, सिस्टरांची पाळी बदलते, लिपिकाला फक्त केसपेपर दिसतो.

तक्रारींवर जे संशोधन झालं आहे, त्याचा गाभा इथेच आहे. प्रत्येक तक्रारीत दोन गोष्टी असतात: एका माणसाचं गाऱ्हाणं आणि सेवेविषयीची माहिती. गाऱ्हाण्याला उत्तर द्यावं लागतं. माहिती मात्र शेकडो तक्रारी एकत्र वाचल्याशिवाय हाती लागत नाही. बहुतेक यंत्रणा पहिलं काम कसंबसं करतात आणि दुसरं करतच नाहीत.

स्टॅफर्डमध्ये काय झालं

हे न केल्याची किंमत काय असते, याचं सर्वांत अभ्यासलं गेलेलं उदाहरण इंग्लंडमधल्या मिड स्टॅफर्डशायर संस्थेच्या स्टॅफर्ड रुग्णालयाचं. चौकशीचा मुख्य काळ होता जानेवारी 2005 ते मार्च 2009. रुग्णांना प्यायला पाणी हाताशी मिळत नव्हतं, खराब झालेल्या चादरी तासन्‌तास बदलल्या जात नव्हत्या, वेदना होत असलेल्यांच्या घंटीला कोणी येत नव्हतं. नातेवाईक हे लिहून कळवत होते. त्याच काळात, फेब्रुवारी 2008 मध्ये, या संस्थेला चांगल्या कारभाराची खूण मानला जाणारा 'फाउंडेशन ट्रस्ट' हा दर्जा मिळाला. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल 2013 मध्ये आला. त्यात 290 शिफारशी होत्या. तक्रारींना उत्तरं जात होती, सुधारणांची आश्वासनंही दिली जात होती, पण त्याच प्रकारच्या तक्रारी येतच राहिल्या आणि तक्रारींचा खरा मजकूर संचालक मंडळापुढे जातच नव्हता. मंडळाला आकडे दिसत होते, माणसं काय लिहीत आहेत ते दिसत नव्हतं.

इथे एक गैरसमज लगेच दूर करायला हवा. 'आमच्याकडे तक्रारी कमी आल्या' हे चांगल्या सेवेचं प्रमाणपत्र नाही. त्रास झालेल्यांपैकी बहुतेक जण तक्रार करत नाहीत. काहींना पुन्हा तिथेच उपचार घ्यायचे असतात, काहींना लिहायचं कसं हे ठाऊक नसतं, काहींना उपयोग होईल असं वाटत नाही, आणि ज्यांना परवडतं ते दुसरीकडे जातात. अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 मध्ये हाच भेद मांडला होता: असमाधानी माणूस एकतर निघून जातो, नाहीतर आवाज उठवतो. ज्याला निघून जाणं शक्य नाही आणि बोलण्याची भीती वाटते, तो कोणत्याच आकडेवारीत येत नाही. म्हणून तक्रारपेटी भिंतीवर ठळक जागी लावली, लिहून घ्यायला माणूस बसवला, की तक्रारी वाढतात. ती वाढ चांगली असते. तक्रारींच्या संख्येवर विभागप्रमुखाचं मूल्यमापन करणं ही सर्वांत घातक चूक, कारण मग तक्रार नोंदवूच न देण्यातच त्याचं हित होतं.

संख्या बाजूला ठेवून वाचायचं कसं

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले टॉम रीडर आणि ॲलेक्स गिलेस्पी यांनी सहकाऱ्यांसह आधी जुनं संशोधन चाळलं. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या आढाव्यात 59 अभ्यास आणि त्यांतल्या 88,069 तक्रारी होत्या. अडचण अशी की प्रत्येक अभ्यासाने वर्गवारी आपापल्या पद्धतीने केलेली. कोणी 'वर्तणूक' म्हणे, कोणी 'संवाद', कोणी 'सेवेचा दर्जा', आणि तीच घटना तिन्हींत बसू शकत होती. तुलना अशक्य होती. त्यांनी सगळं एका चौकटीत आणलं तेव्हा तक्रारी तीन मोठ्या गटांत जवळपास सारख्या वाटल्या गेल्या: वैद्यकीय, व्यवस्थापनाच्या आणि माणसामाणसातल्या नात्याच्या. प्रत्येक गटाचा वाटा साधारण एक तृतीयांश.

त्यावरून 2016 मध्ये त्यांनी एक साधन तयार केलं. त्याच्या इंग्रजी नावातल्या आद्याक्षरांवरून त्याला एचकॅट म्हणतात. ते कागद-पेन्सिलीने वापरता येतं, आणि ब्रिटनबाहेर डेन्मार्कमध्येही त्याची चाचणी झाली आहे. चौकट अशी: वैद्यकीय गटात दोन प्रकार, शुश्रूषेचा दर्जा आणि सुरक्षितता. व्यवस्थापनाच्या गटात दोन, परिसर (स्वच्छता, उपकरणं, मनुष्यबळ) आणि कार्यपद्धती (रांगा, विलंब, कागदपत्रं). नात्याच्या गटात तीन, ऐकून घेणं, माहिती देणं आणि सन्मान व हक्क. एकूण सात. 'ऐकून घेणं' आणि 'माहिती देणं' वेगळं ठेवलं, ही या साधनातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. रुग्णाकडून आलेली माहिती कर्मचाऱ्याने घेतली नाही, हे पहिलं. कर्मचाऱ्याकडची माहिती रुग्णापर्यंत पोचली नाही, हे दुसरं. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना 'संवादाचा अभाव' म्हणतो आणि त्यामुळे उपाय चुकतो. दुसऱ्यावर माहितीपत्रक छापून काही अंशी भागतं, पहिल्यावर पत्रकाचा काडीचा उपयोग नाही.

प्रत्येक प्रकाराला तीव्रतेचा अंक द्यायचा: नसेल तर 0, सौम्य 1, मध्यम 2, गंभीर 3. मग ती गोष्ट कोणत्या टप्प्यावर घडली ते नोंदवायचं: दाखल होताना, तपासणी-निदानात, वॉर्डात, शस्त्रक्रिया किंवा प्रक्रियेदरम्यान, की डिस्चार्ज-हलवण्याच्या वेळी. शेवटी रुग्णाला झालेली इजा वेगळी मोजायची, 1 म्हणजे किरकोळ ते 5 म्हणजे सर्वांत भयंकर. इजेचा उल्लेखच नसेल तर 0.

एक कल्पित पत्र घेऊन हे करून पाहू. समजा, एका मुलीने लिहिलं आहे:

"वडिलांना (वय 68) सकाळी दहाला आणलं. केसपेपर आणि भरतीच्या कागदांत साडेतीन तास गेले, तोवर ते बाकावरच होते. वॉर्डात गेल्यावर मी सिस्टरना दोनदा सांगितलं की त्यांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे. 'फाइलमध्ये बघू' म्हणाल्या. संध्याकाळी तेच इंजेक्शन दिलं. अंगावर पुरळ उठलं, खाज सुटली. दुसरं औषध दिल्यावर रात्रीत बरं वाटलं. वॉर्डातलं स्वच्छतागृह दोन दिवस तुंबलेलं होतं. घरी सोडताना हातात गोळ्यांची पिशवी दिली, आधीच्या बीपीच्या गोळ्या चालू ठेवायच्या की नाही हे कोणी सांगितलं नाही. विचारलं तर खिडकीवरचे म्हणाले, 'लिहिलंय ना, वाचता येत नाही का?'"

नेहमीच्या पद्धतीत हे पत्र 'कर्मचाऱ्यांची वर्तणूक' या शीर्षाखाली जाईल, कारण शेवटचं वाक्य सर्वांत बोचरं आहे. खिडकीवरच्या माणसाला समज दिली जाईल आणि प्रकरण मिटेल. आता चौकटीत बसवू. साडेतीन तास: कार्यपद्धती, दाखल होताना, 2. ॲलर्जी सांगूनही दुर्लक्ष: ऐकून घेणं, वॉर्डात, 3. ते इंजेक्शन देणं: सुरक्षितता, वॉर्डात, 3. तुंबलेलं स्वच्छतागृह: परिसर, वॉर्डात, 2. बीपीच्या गोळ्यांबद्दल मौन: माहिती देणं, डिस्चार्जला, 2. खिडकीवरचं उत्तर: सन्मान, डिस्चार्जला, 2. आणि इजा? पुरळ उठलं, औषधाने बरं झालं. इजा 2.

एका पत्रातून सहा नोंदी निघाल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तीव्रता आणि इजा यांतली फट. पेनिसिलिनची ॲलर्जी माहीत असताना ते देणं जीवावर बेतू शकतं. यावेळी पुरळावर निभावलं. तीव्रता 3 आणि इजा 2 अशी जोडी म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात. म्हणूनच नियम असा की तीव्रता ठरवताना परिणामाकडे पाहायचं नाही, कृतीकडे पाहायचं. 'पेशंट बराच झाला ना शेवटी' या वाक्याने रुग्णालयं जे धडे गमावतात, ते इथे वाचतात.

प्रत्यक्ष वापरात चुका ठरलेल्या ठिकाणी होतात. पत्राच्या सुराला अंक देणं ही पहिली: मोठ्या अक्षरात, संतापून लिहिलेल्या पत्राला 3 आणि नम्रपणे लिहिलेल्या भयानक घटनेला 1. दुसरी, 'हे खरं आहे का' हे वाचतानाच ठरवायला जाणं. नोंद करताना जे लिहिलंय ते नोंदवायचं. शहानिशा हे वेगळं काम आहे. तिसरी, एकाच माणसाने वाचणं. सुरुवातीला तीसेक पत्रं दोघांनी स्वतंत्रपणे वाचावीत, अंक ताडून पाहावेत, फरक पडला तिथे बोलून नियम पक्का करावा आणि मगच पुढे जावं. चौथी चूक, ज्या विभागाबद्दल तक्रारी आहेत त्याच विभागाच्या माणसाकडे हे काम देणं.

गठ्ठा एकत्र वाचल्यावर

इंग्लंडमधल्या 1,110 तक्रारी रीडर-गिलेस्पी यांनी या पद्धतीने वाचल्या. तो अभ्यास 2018 मध्ये आला. त्यातून रुग्णालयांना स्वतःच्या नोंदींतून न दिसणाऱ्या तीन जागा पुढे आल्या. एक, दाखल होण्याआधीचा आणि घरी सोडल्यानंतरचा काळ: तिथे रुग्णालयाचा कोणीच कर्मचारी हजर नसतो, रुग्ण मात्र असतो. दोन, लहान लहान चुकांची साखळी: प्रत्येक विभागाने आपापल्या परीने थोडंसंच चुकलेलं असतं, पण एका रुग्णाच्या वाट्याला ते सगळं एकापाठोपाठ येतं. तीन, न केलेल्या गोष्टी. चुकीचं इंजेक्शन दिलं तर नोंद होते. ताप मोजायला कोणी आलंच नाही तर त्याची नोंद कुठे करणार? यात सर्वांत जास्त खटकणारी न केलेली गोष्ट म्हणजे रुग्ण सांगत असताना न ऐकणं.

याच संशोधकांनी 2021 मध्ये याची जोड मृत्युदराशी घालून पाहिली. रुग्णांच्या तक्रारींतून दिसलेल्या असुरक्षित वर्तनाचा रुग्णालयाच्या मृत्युदराशी संबंध आढळला. कर्मचाऱ्यांनी स्वतः भरलेल्या घटना-नोंदींचा तसा संबंध आढळला नाही. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे खरं. पण 'पेशंटला वैद्यकातलं काय कळतं' असं म्हणणाऱ्याला आता पुराव्यासह उत्तर आहे.

ऑस्ट्रेलियात मेरी बिस्मार्क आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने पाहिलं: तक्रारी कोणाविरुद्ध येतात? 2013 च्या त्यांच्या अभ्यासात 11,148 डॉक्टरांविरुद्धच्या 18,907 औपचारिक तक्रारी होत्या. देशातल्या एकूण डॉक्टरांपैकी फक्त 3 टक्क्यांविरुद्ध 49 टक्के तक्रारी होत्या. एखाद्याविरुद्ध तिसरी तक्रार आली, की वर्षभरात चौथी येण्याची शक्यता 38 टक्के आणि दोन वर्षांत 57 टक्के. तक्रारी सुट्ट्या सुट्ट्या निकाली काढल्या तर हे कधीच दिसत नाही. प्रत्येक वेळी ती 'पहिलीच तक्रार' ठरते. दोन-तीन तक्रारींनंतर त्या डॉक्टरशी शांतपणे बोलणं, कामाचा ताण पाहणं, प्रशिक्षण देणं हे दहाव्या तक्रारीनंतरच्या शिक्षेपेक्षा रुग्णांच्या आणि त्या डॉक्टरच्याही भल्याचं आहे.

तक्रारदाराला हवं काय असतं

1994 मध्ये चार्ल्स व्हिन्सेंट आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये डॉक्टरांवर दावा लावलेल्या 227 रुग्ण-नातेवाईकांना कारणं विचारली. चार गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या: हे दुसऱ्या कोणाबाबत होऊ नये, नेमकं काय झालं ते कळावं, नुकसानभरपाई मिळावी आणि कोणीतरी जबाबदारी घ्यावी. कर्मचाऱ्यांची समजूत बहुधा निराळी असते. ब्रिटनमधल्या मुलाखतींच्या अभ्यासात कर्मचारी तक्रारदारांकडे तीन चष्म्यांतून पाहताना आढळले: त्यांना यातलं कळत नाही, ते दुःखामुळे असं बोलताहेत, किंवा त्यांना काहीतरी पदरात पाडून घ्यायचंय. तिन्ही चष्म्यांचा परिणाम एकच, मजकूर बाजूला पडतो. कर्मचाऱ्यांना दोष देऊन हे सुटणार नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाच दोन दिवसांत खुलासा मागितला, की तो बचावाचंच लिहिणार.

आणि मग माफीचा प्रश्न. 2003 मध्ये अमेरिकेत जेनिफर रॉबेनॉल्ट यांनी एका काल्पनिक अपघाताची हकीगत लोकांना वाचायला देऊन तडजोडीचा प्रस्ताव स्वीकाराल का, असं विचारलं. जबाबदारी घेऊन मागितलेल्या पूर्ण माफीनंतर 73 टक्के तयार झाले. माफी नव्हतीच तेव्हा 52 टक्के. नुसती सहानुभूती दाखवणारी अर्धी माफी होती, तिथे फक्त 35 टक्के. 'आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' हे आपल्या शासकीय पत्रांतलं वाक्य नेमकं त्या तिसऱ्या प्रकारचं. त्यात कोणी काय चुकवलं, हे कुठेच नसतं. चांगल्या उत्तरात काय घडलं, का घडलं, त्यात आमचं काय चुकलं, त्याबद्दल माफी आणि कोणत्या तारखेपर्यंत काय बदलणार हे त्याच क्रमाने येतं. तक्रारीतल्या सहा मुद्द्यांना सहा उत्तरं येतात. 'माफी मागितली तर कोर्टात अंगाशी येईल' ही भीती सगळीकडे असते. इंग्लंड-वेल्समध्ये 2006 च्या कायद्यानेच स्पष्ट केलं की माफी मागणं म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयांनी चुका आपणहून सांगून भरपाई देऊ करण्याचा मार्ग धरला, तेव्हा दाव्यांचं प्रमाण वाढण्याऐवजी घटलं: दर लाख रुग्णभेटींमागे महिन्याला 7.03 वरून 4.52 वर.

मुदत आणि 'निकाली'चा आजार

मुदत हवीच. स्कॉटलंडमध्ये सगळ्या सार्वजनिक सेवांना मिळून एकच नमुना-पद्धत आहे: जागेवर सुटण्यासारखं असेल तर 5 कामाचे दिवस, चौकशी लागणार असेल तर 3 दिवसांत पोच आणि 20 कामाच्या दिवसांत उत्तर, त्यानंतर स्वतंत्र लोकपाल. दोनच पायऱ्या ठेवल्यामुळे माणूस टेबलामागून टेबल फिरत नाही. आपल्याकडे केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर 2024 पासून 21 दिवसांची मुदत आहे. मुदतीची अडचण अशी की जे मोजलं जातं तेच सुधारतं. दिवस मोजले तर एकविसाव्या दिवशी 'अर्ज संबंधित विभागाकडे पाठवला आहे' असं लिहून प्रकरण बंद होतं. मध्य प्रदेशच्या 181 हेल्पलाइनने यावर चार पातळ्यांची शिडी केली: खालच्या अधिकाऱ्याने वेळेत काही केलं नाही, तर तक्रार आपोआप वर चढते आणि बंद करण्याआधी तक्रारदाराला फोन करून विचारलं जातं. बिहारने 2016 मध्ये लागू केलेल्या कायद्यात आणखी पुढे जाऊन तक्रारदार आणि संबंधित अधिकारी यांची समोरासमोर सुनावणी ठेवली, 60 कामाच्या दिवसांची मर्यादा घालून. कागदावर 'काम पूर्ण' लिहिणं सोपं असतं. ज्याच्या दारात नळ नाही तो समोर बसलेला असताना ते म्हणणं अवघड असतं.

महाराष्ट्रात एक फरक लक्षात ठेवावा लागतो. 2015 चा लोकसेवा हक्क कायदा अधिसूचित सेवेच्या मुदतीसाठी आहे: दाखला वेळेत मिळाला नाही तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. वॉर्डात ऐकून घेतलं नाही, ही तक्रार त्यात बसत नाही. खासगी रुग्णालयांसाठी 2021 च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं आणि स्थानिक पर्यवेक्षी प्राधिकरणाकडे तक्रारीची वाट ठेवली.

तक्रार लिहिणाऱ्यासाठी या सगळ्यातून निघणारं काम सोपं आहे. घटना तारीख-वेळेसह टप्प्याटप्प्याने लिहा. मुद्द्यांना क्रमांक द्या. तुम्ही कोणाला काय सांगितलं आणि त्यावर काय झालं, हे विसरू नका, कारण तेच सर्वांत मोलाचं असतं. आणि शेवटी तुम्हाला काय हवं आहे ते साफ लिहा, माहिती, माफी, खर्च की बदल. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

तक्रार कक्षासाठी: महिन्यातून एक दुपार, सात ओळी आणि पाच टप्प्यांचे पाच स्तंभ असलेला एक मोठा कागद, त्या महिन्यातली सगळी पत्रं आणि दोन वाचक. प्रत्येक चौकोनात अंक भरत जायचे. 3 आलेला प्रत्येक चौकोन त्याच आठवड्यात अधीक्षकांच्या टेबलावर, मूळ पत्रातल्या ओळींसह. सलग तीन महिने एकाच चौकोनात 1 आणि 2 साचत असतील, तर तिथे समज देण्याजोगा माणूस शोधू नका. पाळी बदलताना माहिती कशी दिली जाते, डिस्चार्जच्या वेळी गोळ्या कोण समजावतं, हे तिथे उभं राहून पाहा.